शौर्य अजून कोल्ड रूममध्ये आहे

३ फेब्रुवारी
आज बोललो. आमच्या सिरियलच्या लेखिका देवयानी मॅडम सेटवर आलेल्या. त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, 'ताटातलं आभाळ' ही एका हॉटेलची गोष्ट. हॉटेल चालतं शेफवर. तरुण, जिद्दी शेफ म्हणजे शौर्य, आणि शौर्य म्हणजे मी. मग मी एवढे दिवस नुसती कोथिंबीर का चिरतोय? शौर्यला हेड शेफ करा, नाहीतर मला वेगळा विचार करावा लागेल.
मालकिणीचा रोल करणाऱ्या सुहासिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, नयन, तुझं काहीतरी करायलाच हवं.
पटलं त्यांना. स्पष्ट बोललेलं बरं असतं.

९ फेब्रुवारी
सीन आला! शौर्य पनीर आणायला कोल्ड रूममध्ये जातो आणि बाहेरून कोणीतरी कडी लावतं. कोणी लावली ते मॅडमनी अजून ठरवलेलं नाही. याला म्हणतात सस्पेन्स. अख्खा महाराष्ट्र आता हेच विचारणार.

१२ फेब्रुवारी, दुपार
कोल्ड रूम प्लायवूडची. आत पंखासुद्धा नाही. अंगात जर्किन, भुवयांवर पांढरी पावडर, आणि थरथरायचं. घामाने बर्फ वाहून डोळ्यात गेला. डायरेक्टर मुकुल सरांनी मी दार वाजवताना, बसलेला, आडवा पडलेला, वर बघताना असे सगळे शॉट एकाच दिवशी घेतले. म्हणाले, स्टॉकला राहू दे, लागतील तसे वापरू. सुहासिनीताई बाहेर ताटकळलेल्या. बरं वाटलं.
पुढच्या शूटला तसाच दिसायला हवा, म्हणून कंटिन्युइटीसाठी केस कापायचे नाहीत. कपाळावरची सोनेरी बट आणि अर्धवट दाढी आहे तशीच ठेवायची. कलेसाठी एवढं करावंच लागतं.

२ मार्च
शूटला बोलावलेलं नाही. पण रोज जाहिरातींच्या आधी मी दार वाजवताना दिसतो. आई टीव्हीला विचारते, "अजून तयाच हाय का रं तू?" मी तिच्या शेजारीच बसलेला असतो. गोदाआत्याचं म्हणणं, आत पनीर आहे तर तेच खा की. प्रेक्षक किती गुंतलेत!

१९ मार्च
सिनेमाची ऑफर. रोल छोटा, पण खरा. सिरियलच्या ऑफिसात विचारलं. म्हणाले, कॅरेक्टर चालू असताना बाहेर काम करता येणार नाही. मी म्हटलं, पण मला तर बोलावतच नाही. म्हणाले, रोज दिसता ना?
मुद्दा बरोबर आहे. सिनेमावाल्यांना नकार कळवला. त्यांनी लगेच दुसरा घेतला. घाईची माणसं.
उद्यापासून खरा स्वयंपाक शिकणार. शौर्य बाहेर आला की हात तयार हवा.

२८ मार्च
बोटाला टाके. कांदा. शिकणं तूर्त बंद.

५ एप्रिल
चुलतबहीण भावनाची हळद. आमच्या अख्ख्या बाळकुम गावची माणसं जमलेली. सगळे म्हणाले, शेफ घरात असताना आचारी कशाला? मीही बाह्या सरसावलेल्या. मटण शिजवणाऱ्या कमलेशदादाने टोपाजवळ येऊ दिलं नाही. "तू कोथिंबीर चिर," म्हणाला. शेवटचा हात शेफचाच असतो. त्याला कळतं.

११ एप्रिल
बाथरूमची कडी बाहेरून अडकली. बराच वेळ दार वाजवलं. आत्या सोडवायला उठलेली, तर आई तिला म्हणाली, "वाजवू दे गो त्याला, प्रॅक्टिस करतंय."
शेवटी मी ओरडलो. आवाज थोडा रडका आला. पुढच्या शूटला वापरता येईल.

२० एप्रिल, टिटवाळा
निशिगंधाच्या घरी जेवायला. आमचं लग्न ठरलंय, तारीख ठरत नाही. तिचे वडील सुधीरकाका निवृत्त मुख्याध्यापक, फार हळू बोलतात. आमटी वाढता वाढता म्हणाले, "नयनराव, आपण त्या खोलीतून बाहेर कधी येणार, याचा काही अंदाज?"
म्हटलं, ट्रॅक संपला की. निशिगंधा म्हणाली, ही पिवळी बट शेजारी घेऊन मी बोहल्यावर उभी राहणार नाही. म्हटलं, थोडं थांबू या. ती म्हणाली, "मी थांबलेलीच आहे रे. तू कशात अडकलायस, ते तरी सांग."
पॅशनमध्ये, म्हटलं. काका घास घेता घेता थांबले. भारावले असावेत.

६ मे, सकाळ
आज आर या पार. सेटवर जाऊन कडक बोलणार. वाक्यं पाठ केलीत.

६ मे, संध्याकाळ
कोल्ड रूम नाही! तिथे आता सुहासिनीताईंचं देवघर आहे. देवयानी मॅडमही नाहीत, दुसऱ्या सिरियलवर गेल्या. नवीन लेखिका मृणाल. तिने विचारलं, शौर्य कोण? मुकुल सरांनी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.
"अरे देवा, तो अजून आत आहे?"
हो, म्हटलं.
बिचारी खरंच ओशाळली. म्हणाली, पाच वर्षांचा लीप येतोय, गोष्ट एकदम पुढे उडी मारणार, हॉटेल नवीन जागेत जाणार. सुहासिनीताईंच्या तोंडी एक वाक्य टाकते, शौर्य दुबईला गेला. आजच. उद्यापासून तू मोकळा. केस काप, सिनेमा कर, काय हवं ते कर.
एक वाक्य? तेही ताईंच्या तोंडी, आणि मी फ्रेममध्ये नसताना? मी शांतपणे म्हटलं, नको. राहू दे त्याला आत. योग्य वेळी काढा.
मृणाल म्हणाली, "अरे, सगळे ती जागा सोडून चाललेत. दार उघडायला तिथे कोणी उरणार नाही."
म्हटलं, मग तर सस्पेन्स वाढेलच.
मुकुल सरांनी नुसतं पाठीवर थोपटलं. दाद होती ती.

७ मे
निशिगंधाला फोन केला. सगळं नीट सांगितलं. मी कसा झुकलो नाही, एका वाक्यात स्वतःला संपवू दिलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती तुला सोडत होती?"
हो.
"आणि तू नको म्हणालास?"
हो, म्हटलं.
मग काहीच ऐकू आलं नाही. मी बराच वेळ हॅलो हॅलो केलं.
टिटवाळ्याला रेंजचा प्रॉब्लेम आहेच.