कूलर बंद करून पाहिलं

प्रिय बाबा,

उद्या तुमचा शोधनिबंध पाठवायचा आहे आणि माझा तुमच्यावर विश्वास बसत नाहीये. म्हणून लिहितेय.

वर्षश्राद्धाच्या आत तो गेलाच पाहिजे, असा आईचा हट्ट. म्हणून अमेरिशियम या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांचा तुमचा आलेख पुन्हा काढला. प्रत्येक शिखर म्हणजे ते जड अणुकेंद्रक ऊर्जेची एक पायरी उतरल्याची खूण, हे तुम्हीच शिकवलंत. पण ज्या बुटक्या शिखरावरून तुम्ही नवी पायरी सापडली म्हणालात, ते मला पहिल्यापासून खटकतंय.

तुम्ही तर दूधवाल्यावरही संशय घेणारे! धरमपेठेतून अर्ध्या रस्त्यात कुलूप ओढून बघायला परत फिरणारे. मग या शिखरावर का नाही घेतलात संशय? आवडलं म्हणून सोडून दिलंत?

मे महिन्यातली कॉलेजची प्रयोगशाळा आठवते? नमुना न ठेवता रिकामं मोजमाप घेतलंत, तेव्हा कूलर सुरू होता आणि हे शिखर दिसलं नव्हतं. नमुना ठेवल्यावर मात्र त्याची घरघर यंत्राला बाधते म्हणून तो बंद केलात, खिडकीही लावलीत. मी घामाने निथळत होते आणि तुम्ही खुशीत होतात.

काल मी नमुना दूरच्या कपाटात ठेवला आणि रिकामं मोजमाप लावलं. कूलर बंद, खिडकी बंद. आज पाहते तर शिखर जागच्या जागी! म्हणजे ते अमेरिशियमचं नाहीच. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू बंद खोलीत साठतो, त्याचं आहे. कूलरचा वारा तो बाहेर घालवत होता.

फार राग आला तुमचा. आईला सांगितलं.

"काहून वं, आता नाही येनार का त्याईचं छापून?" मग म्हणाली, "दवाखान्यात सारखे म्हणून राहिले होते, कूलर बंद करून पाह्य म्हना तिले. मले वाटलं, थंडी वाजून राहिली. मी चादर टाकली अंगावर."

त्या खोलीत कूलर नव्हताच. एसी होता.

म्हणजे शंका तुम्हालाही आली होती. मी दाराबाहेरच बसले होते ना, बाबा. मला हाक का नाही मारलीत?

ते शिखर मी खोडणार आहे. बाकीचं सगळं नव्याने मोजीन, मगच निबंध जाईल. वर्षश्राद्धाची मुदत टळली तरी चालेल, आईला मी समजावते. तुमच्या नावावर चुकीचं काही छापू देणार नाही.

निरोप उशिरा मिळाला. पण कूलर बंद करून पाहिलं, बाबा.

तुमच्याइतकीच शंकेखोर,
मनू