पुढचा चिमटा मी नेला आहे

फुल्विओ,

तुमच्या बायकोच्या, लोरेदानाच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी ही स्कूटर या घरात आली. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी ती तुम्हालाच जास्त कळते.

पुढचं चाक डावीकडे ओढत होतं, कारण तुम्ही ती पायरीवर आपटलीत. मग लांब नळी अडकवून पुढचं चाक धरणारा चिमटा न तापवता थंडाच वाकवून सरळ केलात, दोन्ही चाकांना दोरी लावलीत आणि म्हणालात, "बघा आई, आता कशी नाकासमोर चालते." जावईबापू, दोरीवरून चाक सरळ आहे एवढंच कळतं. वाकलेलं लोखंड पुन्हा वाकवलं की आतून तडकतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसावं.

चिमटा सोडवून मी सातच्या बसने लुक्काला जाते आहे. पाना धरायला मी अक्षरांच्या आधी शिकले. तिथे स्कूटरचे सुटे भाग विकणाऱ्या ओरेस्तेकडे नवा चिमटा मिळेल. तो बसेपर्यंत तुमच्या ब्रूनाने स्कूटरवरून समुद्रावर जायचं नाही. पोरगी रुसली तर समजूत तुम्ही काढा, बोलायला तुम्हाला छान येतं.

घेवड्याचं सूप शेगडीवर आहे. ते चमच्याने ढवळा, नळीने नको.

लोरेदानाने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तिचा भाऊ देलिओ, माझा थोरला, यानेही याच स्कूटरचा चिमटा असाच सरळ केला होता आणि "नाकासमोर चालते, आई" असंच म्हणाला होता. पंधरा दिवसांनी बार्गाच्या उतारावर चिमटा मोडला. देलिओ ९ जून १९७४ रोजी, एकोणिसाव्या वर्षी गेला.