न वाचता केलेली सही

प्रिय अप्पा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, कधी लिहिलं नाही. फोटोला हार घातला की भागत होतं. आज लिहितोय, कारण एक चूक केलीय आणि ती तुम्हालाच सांगायला हवी.

सईच्या वर्गाला यंदा ती कादंबरी लावलीय. बीट काढायला परमुलखातून आलेल्या मजुरांची. मूळ इथली, जर्मन. तुमच्या वाचनालयात तिचा अनुवाद होता, तुम्ही खाकी कव्हर घातलेला. आठवतंय?

मंगळवारी एल्टर्नआबेंड होता, म्हणजे पालकसभा. दिवसभर सप्लायरशी भांडून एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभ्याने गेलो. तिथे पुस्तकावर हरकत निघाली. पानोपानी शिव्या आहेत, गोठ्यातलं बाळंतपण फार उघडं लिहिलंय, गावकरी निर्दय दाखवलेत. मग एक आई उठली. तिचे वडील इथे कारखान्यात राबायला आले होते. म्हणाली, "मजुरांसाठी त्यात जो शब्द आहे, तो वर्गात वाचला की सगळी मुलं माझ्या मुलाकडे बघतात."

तिचं मला पटलं, अप्पा. पुस्तक काढून टाकावं असा कागद फिरत आला आणि मी सही केली. थोडी पटलं म्हणून, बरीचशी घरी जायचं होतं म्हणून. आणि आपण बाहेरचे, कशाला नडायचं?

घरी सईने विचारलं, "बाबा, हास्ट डू एस गेलेझन?" वाचलंयस का तू ते?

"आजोबांच्या वाचनालयात होतं," मी म्हटलं.

"दास वार निष्त माइने फ्रागे." तिने ते विचारलंच नव्हतं.

ग्रंथपालाचा मुलगा, आणि वाचलेलं नाही. तुम्हीही कसे हो? साऱ्या गावाला पुस्तकं घरपोच द्यायचात आणि मला म्हणायचात, आधी गणितं कर.

याच पुस्तकाची तक्रार घेऊन पाटकरकाका आले होते ना? तुम्ही वाद घातला नाहीत. खुर्ची पुढे केलीत आणि विचारलंत, "कोणतं पान?" तुमचा नियमच होता तो. हरकत घ्यायची तर पान शोधायचं आणि तिथेच बसून मोठ्याने वाचून दाखवायचं. काका चिडले, दोन तास बसले आणि जाताना पुस्तक घरी घेऊन गेले.

मी शनिवार-रविवार बसून वाचलं. शिव्या आहेत. बाळंतपणही आहे. आवाज ऐकून मालक हाकलून देईल म्हणून ती बाई तोंडात टोपीचा बोळा धरते. मला पुढे वाचवेना. तो शब्द गावकऱ्यांच्याच तोंडी आहे, मजूर तो ऐकून नुसते खाली बघतात. मुलं बघतात हे त्या आईचं खरंच आहे. पण बघायला त्यांना पुस्तकाने शिकवलेलं नाही. मीही कंत्राटावरच आलोय इथे, माझ्या कागदावर तेवढा बरा शब्द आहे.

खूप थकलोय, अप्पा. तरी गुरुवारी पुन्हा बैठक आहे, जाईन. सही मागे घेईन. आधी त्या आईशेजारी बसून तिचं सगळं ऐकेन. मग सगळ्यांना विचारेन, कोणतं पान? कुणी उघडलं नाही, तर गोठ्यातलं पान मी वाचेन, माझ्या मोडक्या उच्चारात, शेवटपर्यंत.

पुस्तकाला खाकी कव्हर घातलंय. कोपरे तुमच्यासारखे बसले नाहीत.

तुमचा, फार उशिरा वाचायला बसलेला,
महेश