कॉफीच्या डब्यातली सारिनपुडी

आई, चामराजपुरमच्या घरी अण्णांच्या ऑफिसातले साहेब आले होते तो दिवस तू विसरणं शक्यच नाही. सर्दीनं माझं नाक बंद. मी कॉफीचा डबा काढते, फिल्टरमध्ये सढळ हातानं पूड घालते, वर उकळतं पाणी ओतते, आणि साहेब पहिल्याच घोटाला ठसकतात. डबा कॉफीचा, आत तुझी सारिनपुडी, रसमची! मला स्वयंपाकघरात ओढून तू कडाडलीस, "अय्यो, डब्यावरचं नाव काय वाचतेस मगळे? उघडून आत बघायचं, गोत्ताय्ता? कळलं?" साहेब जाईपर्यंत तू बाहेर आली नाहीस. तू भयंकर चिडलीस, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

आता मी पोलिसांना, वकिलांना कॉम्प्युटरमधले पुरावे काढून देते. मूळ डिस्कला धक्का नको म्हणून आधी तिची हुबेहूब नक्कल एका फाइलीत घ्यायची. तिला इमेज म्हणतात. तू गेल्यावर तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचीही घेतली, कारण मावशीला पाठवायला तू रेकॉर्ड केलेले निरोप त्यातच होते. नक्कल पुरी झाली आणि डिस्कनं मान टाकली. परवा इमेज उघडते तर विंडोज विचारतं, हे वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? शेजारची सहकारी हळहळली, "इमेजच बिघडलीय गं, सोड आता." तुझा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं.

मग तुझं ते ओरडणं आठवलं. ई-झीरो-वन हे इमेजच्या फाइलीच्या प्रकाराचं नाव, म्हणजे नुसता डबा. तो आधी तपासला: हॅश, म्हणजे नक्कल घेतानाचा आकडी ठसा, तंतोतंत जुळला, डबा धडधाकट. मग आतली मांडणी पाहिली, म्हणजे फाइलसिस्टिम. आम्ही दोघी विंडोजचं एनटीएफएस असणार असं धरून बसलेलो, आणि दादानं तुला विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलेलं! आत होतं लिनक्सचं ईएक्सटी-थ्री. विंडोजला ते कळेना, एवढंच. लिनक्सवर उघडलं, तर तुझे सगळे निरोप जागच्या जागी. मी खुर्चीतच रडले, आनंदानं.

पहिल्याच निरोपात तू मावशीला तीच गोष्ट सांगतेस. "तोंडात पदर कोंबून आतच बसले गं, साहेबांसमोर कशी येणार!" पुढे नुसतं हसणं, धाप लागेपर्यंत.

दादाला अजून कळवलेलं नाही, आई. तोही वाट बघतोय. उद्या सांगते त्याला. आजचा दिवस तुझं हसणं माझ्या एकटीचं असू दे.