डावीकडची जागा

१२ मार्च, ब्रह्मपुरी
पुण्याच्या शाळेने संस्कृतचे तास बंद केले, आणि बावन्नाव्या वर्षी मी अचानक मोकळा झालो. वहिनींनी माडीवरची खोली झाडून ठेवली होती. निशाने दारातच बॅग हिसकावून घेतली. दादा गेल्यापासून या पोरीचं कन्यादान माझ्या वाट्याला आलंय. लग्न एप्रिलच्या शेवटी आहे. एकदाही बोहल्यावर न चढलेल्या माणसाने हे करावं, यात गंमत आहे.

फोटोंचं काम जहीरभाईंकडे. त्यांच्या स्टुडिओत चौकशीला गेलो आणि नोकरी घेऊन परतलो. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली दोन ओळींचा श्लोक रचायचा. वधूच्या डोळ्यांना कमळ म्हणायचं, तिने गॉगल घातला असला तरी.

१९ मार्च
आज पहाटे धानोऱ्याकडच्या जंगलात गेलो. तळ्याकाठी मोहाची रांग आहे, फुलांचा सडा, वास डोक्यात चढतो. जहीरभाईंची ही आवडती जागा. निशा आणि प्रवीणचे फोटोही इथेच व्हायचेत.

मला बढती मिळाली. जोडपं मेकअप करत असतं तेव्हा प्रकाश बसवायला कुणीतरी नवरदेवाच्या जागी उभं राहावं लागतं. जहीरभाईंनी मला धरून उभं केलं. दिवा डावीकडून. डावा हात असा उचलून धरायचा की जणू बाजूला बायको आहे आणि तो तिच्या खांद्यावर आहे. "हवेले धरा गुरुजी, पण प्रेमानं धरा," म्हणाले. शास्त्राने डावी बाजू पत्नीला दिली आहे. माझी इतकी वर्षं रिकामी होती, आज तिचा उपयोग झाला.

नंतर जोडपं आलं. प्रत्येक फोटोनंतर जहीरभाई त्यांना "सोडा" म्हणतात, मग ते अंग सैल करतात. मला कुणी सोडा म्हणत नाही. मी आपला आपणच सुटतो.

२३ मार्च
जहीरभाईंच्या पत्नी कमरजहाँ संगणकावर फोटो निवडतात. त्यांनी मला माझे चाचणीचे फोटो दाखवले. दिवा डावीकडून होता, म्हणजे सदऱ्याची डावी बाजू उजळायला हवी. ती काळी आहे, खांद्यापासून कमरेपर्यंत, जणू दिवा आणि मी यांच्या मधे कुणी उभं आहे. फोटोत कुणी नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, मधे काय ठेवलं होतं. ते म्हणाले, काहीच नाई. मी म्हणालो, माझ्या पुण्याईची सावली असेल. त्या हसल्या नाहीत.

२७ मार्च
पुन्हा तळं. सुकरीबाई जवळच्या गावातल्या, मोहफुलं वेचायला येतात, माझ्या अवताराला रोज हसतात. मी हवा धरून उभा होतो. त्यांनी पळसाच्या द्रोणात पाणी आणलं. दोन द्रोण. एक मला दिला. दुसरा माझ्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर धरला आणि मला दटावलं, "बाईले उनात काऊन उभं ठेवता जी? घाम फुटला तिले."
थट्टा असणार. पण त्यांनी तो द्रोण बराच वेळ धरला होता. आणि खाली ठेवला तेव्हा—
तळाशी पाणी होतं. आणलं होतं तितकं नव्हतं.

३० मार्च
जहीरभाईंची गाडी बिघडली म्हणून काळीपिवळी जीपने आलो. माणसं टपावर, दारात लोंबकळत. माझ्या डावीकडे एक जागा मोकळी. चढणारा प्रत्येक जण तिकडे बघायचा, किंचित आदराने सरकायचा, उभा राहायचा. एका म्हाताऱ्याला मी बसा म्हणालो. तो म्हणाला, बाई बसल्या हायत ना.

हात भरून आला आहे. डावाच. उचलून धरल्यासारखा.

२ एप्रिल
रंजीता नावाची मुलगी, गोंडपिपरीची. नवरा अंकुश. जहीरभाई सारखे जवळ या, जवळ या म्हणत होते आणि त्या दोघांत हातभर अंतर राहत होतं. ती सरकायची. पुन्हा बाहेर यायची. मग एकदम तळ्यात गेली. शालू पाण्याने जड, पाय रुतलेले. अंकुश आणि जहीरभाईंनी ओढून काढलं तेव्हा ओठ निळे.
कमरजहाँ तिला पुसत होत्या. ती एवढंच म्हणाली, "तिनं मले कोपर मारलं. म्हणे, जागा माही हाय."

मी तिथे हवेला धरून उभा राहिलो होतो. इतक्या वेळा. प्रेमाने.

४ एप्रिल
निशाच्या फोटोंची जागा बदलली. तळं नको, घरचं अंगण बरं, असं हट्टाने सांगितलं. ती रुसली, मग मानली. मला जरा झोप लागली.

जहीरभाईंना लाज सोडून सगळं सांगितलं. आणि म्हटलं, मला एकदा मोठ्याने "सोडा" म्हणा. ते चेष्टा करणार होते. माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, "सोडा, गुरुजी." हात खाली आला. हलका झाला.
देवा.

५ एप्रिल
मला सोडायला सांगितलं. तिला कुणी सांगितलं नाही.
सकाळपासून माझ्या खांद्यावर हात आहे. ओला. मोहाचा वास.

७ एप्रिल
जहीरभाईंनी तिलाही सांगून पाहिलं. माझ्या डावीकडे बघत, हात जोडून. उलट तिची बोटं खांद्यात आणखी रुतली.
चूक कळली. ती तळ्याची नाही. ती माझ्या बाजूची. मी जाईन तिथे—
जागा बदलून काय केलं मी.

८ एप्रिल
ठरवलं. उद्या अंगणात निशाचे फोटो, मी माडीवरून उतरायचं नाही. हात माझ्या खांद्यावर आहे तोवर ती इथे आहे, निशा सुखरूप आहे. इतकं साधं. तिच्याशी बोलायला लागलो आहे. तुझी जागा हीच, म्हणतो. कुठे जाऊ नकोस, म्हणतो.
निशा दाराशी येऊन गेली. काका, माह्यासंग एक फोटो तरी. मी दार उघडलं नाही. रडली बहुतेक.

९ एप्रिल, सकाळ
खाली आले सगळे. खिडकीतून दिसतं. हात आहे. घट्ट. ठीक.

जहीरभाईंनी मला विचारलं नाही. प्रवीणलाच एकटा उभा करून दिवा लावताहेत. डावा हात उचलायला लावला— हवेला—

माझ्या खांद्यावरचा हात उचलला गेला.
खांदा कोरडा. वास नाही.

निशा आली. अबोली साडी. अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसवताहेत दोघांना. ओरडलो. वर बघून हसली, हात हलवला. तिला वाटलं राग गेला काकांचा.

ऊन डावीकडून आहे. थेट. प्रवीणच्या सदऱ्यावर सावली—

जहीरभाई म्हणताहेत, अजून जवळ. निशा सरकली. बसेना. मधे हातभर—

उतरतो. निशा, उठ, तिथून उ