उघडा पत्रा

८ जुलै
देसाई सरांच्या जीपचा जुना रंग सगळा काढून झाला. पत्रा उघडा, लखलखीत. दुपारी प्रायमर मारायचा म्हणून थिनरनं पुसून घेतला, कॉम्प्रेसर लावला, तेवढ्यात बायकोचा, शालनचा फोन. "रूपाला घेऊन दवाखान्यात आलोय. या लगेच." पोरीला सातवा महिना. शेडचं दार ओढलं आन् पळालो.

९ जुलै
मुलगी झाली. तळहाताएवढी. रडली न्हाय. काचेच्या पेटीत ठेवलीया, तोंडात नळी, श्वास मशीनचा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस कच्चं हाय, बघू. बघू म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं न्हाय. जावई महेश इचलकरंजीस्नं आला, यंत्रमागावरची पाळी तशीच टाकून. आज नुसता भिंतीला टेकून उभा.

१० जुलै
शेडवर गेलतो. अख्खी जीप तांबूस. पाऊस आत येत न्हाय, पण हवाच ओली. उघड्या पत्र्याला एक रात्र पुरते. अजून वरवरचाच गंज हाय, बोट फिरवलं की पूड निघती. असाच राहिला तर पत्र्यात खड्डे पडणार, मग वरनं कसलाही रंग मारा, खालनं फोड येणारच.
पॉलिश पेपर घेऊन टप घासला. बॉनेट निम्मं. फोन. बाळाचा श्वास मंदावलाय. गेलो. जाऊन तरी काय, बाहेर बाकड्यावर बसून…

११ जुलै
नर्सनं आत सोडलं न्हाय. "आजोबा, हात बघा तुमचे." नखांत, रेघांत सगळा गंज. साबणानं घासले. गंज काढायचं औषध लावून घासले. कातडं सोललं, डाग तसेच. काचेतनं लांबनंच बघितली.
आजोबा म्हणालं कुणीतरी. पहिल्यांदाच.

१३ जुलै
परत पहिल्यापासनं घासली. घामेजला हात जिथं टेकवला, तिथं पंजाचा छाप उठलाय, लाल. घासणं, पुसणं, प्रायमर हे एका दमात व्हायला पायजे, मधे सोडायचं न्हाय. एक अख्खा दिवस पायजे. मला अर्धा मिळंना. मिळाला तर चित्त तिकडं.
रूपा कुणाशी बोलत न्हाय. शालन चिडली, "पोरगी तिथं अशी, आन् तुम्हाला जीप सुचती?"
सुचत न्हाय गं. पण तिथं बसून मला काही करता येत न्हाय. हितं निदान हात चालतो. हे तिला बोललो न्हाय.

१४ जुलै
देसाई सर न सांगता गारगोटीस्नं आले. मास्तरकीतनं रिटायर, बायको वारल्यापासनं ती जीपच त्यांची सोबत. दारातनंच आवाज चढला. "काय केलंस रं माझ्या गाडीचं! लाल झालीया की सगळी!"
हवेचं सांगणार होतो. तोंडातनं आलं, "सर, नात पेटीत हाय." त्यांच्यासमोर रडलो. सर तिथल्याच एका टायरवर बसले. म्हणाले, "जा तू दवाखान्यात. मी थांबतो हितं."

१५ जुलै
सर थांबले. थांबले म्हणजे, गाडी घाण दिसती म्हणून पाइप लावून धुतली! मी पोचलो तर दारांवरनं तांबडे ओघळ. सर ओलं फडकं घेऊन उभे. "चुकलं का रं माझं?"
हसू फुटलं. थांबंचना. सर घाबरले, पाणी प्यायला दिलं.

१७ जुलै
सर रोजच्या एस्टीनं येतात. एका अंगानं ते घासतात, एका अंगानं मी. दम लागला की टेकतात, परत उठतात.
बाळाला दुसऱ्या बारक्या नळीतनं दूध दिलं. टिकलं न्हाय. महेशला कामावरनं बोलावणं आलं, गेला न्हाय. आता त्याची जागा राहती का…
देवाला काय काय बोललो ते लिहीत न्हाय.

१९ जुलै
सकाळी कडक ऊन. गाडी घासून, पुसून कोरडी ठणठणीत. स्प्रे गनमधे प्रायमर भरला. टप झाला, बॉनेट झालं. फोन. शालनचा आवाज फाटलेला. "या. नळी काढून बघणार हायत."
"काढून?"
"आपला आपण श्वास घेती का ते बघायला."
औषधानं फुप्फुस सुधारलंय म्हणं, पण किती, ते नळी काढल्याबिगर कळायचं न्हाय. परत घालायला लागली तर अवघड हाय.
दोन्ही बाजू उघड्याच. सर म्हणाले, "गाडीचं मरू दे. पळ!"

दवाखान्यात रूपा उठून बसलेली. एवढ्या दिवसांत आज बोलली. "नाव ठेवायचं. आत्ता."
शालन म्हणाली, बारशाला ठेवू की गं.
"आत्ता."
नाव आत्यानं सांगायचं, ती इचलकरंजीत, महेशनं तिला फोन लावला. रूपानं फोनवर हळूच तिला नाव सांगितलं. नर्स चांगली, फोन आत नेऊन पेटीपाशी धरला. काचेबाहेर आम्हाला काहीच ऐकू आलं न्हाय. मग डॉक्टर आत गेले, पडदा ओढला.
बाहेर आभाळ भरलंय. बाकड्यावर बसून लिहितोय. रूपाला विचारलं, काय ठेवलं गं?
म्हणाली, "तिला सांगितलंया. तुम्हाला मागनं."
पडदा अजून ओढलेलाच हाय.