गुर्गेनने काढलेला आवाज

गढीखालचं गाव, युफ्रेटिसकाठ
वर्दावार सणानंतरचा मंगळवार

चिरंजीव तोर्निक यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते.

इकडे सगळं ठीक. जर्दाळू यंदा उदंड झाले, छपरावर वाळत घातलेत. गढीवर तुझ्या सम्राटाची ग्रीक शिबंदी आहे, आपल्याच तळघरातली द्राक्षाची दारू पिऊन गाणी म्हणते. तू आईसाठी धाडलेली गाडी पोचली. राजधानीत संगमरवरी घर घेतलंस, हेही कळलं. गाडी रिकामीच परत येईल. गाडीवानाला जेवू घातलं, त्याचा काय दोष?

सेनापती झालास म्हणे. आर्मेनियन पोरगा सम्राटाच्या उजव्या हाताला उभा राहतो, याचं गावात काहींना कौतुक आहे. मला नाही. ग्रीकांनी गढीला वेढा घातला तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहून, क्रुसावर हात ठेवून तूच ओरडला होतास ना, "गुर्गेनदादा, दार उघड, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही!" सख्ख्या भावाचा शब्द म्हणून त्याने उघडलं. केसाला खरंच धक्का लागला नाही. तुझ्या माणसांनी त्याचे डोळे काढले. आणि तू पाठ फिरवून घोड्याचा पट्टा आवळत बसलास! मी तटावरून पाहिलंय.

आईचं विचारलंस. आई गेली. ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत.

तापात तिला दिसेनासं झालं होतं. एकच धोशा, "माझा तोर्निक आला का गं?"

मी म्हणाले, "त्या मेल्याचं नाव काढू नकोस."

गुर्गेन उठला. भिंत चाचपत खाटेपाशी गेला आणि तुझा तो घोगरा आवाज काढून म्हणाला, "आलो गं आई."

"ग्रीकांचं खाऊन सुटला असशील!"

"खूप."

"दादाला भेटलास?"

"भेटलो. तो रागावलेला नाही."

ती हसली. त्याचा हात धरूनच गेली.

तुझ्या वाटचं मुलगेपणसुद्धा त्यालाच करावं लागलं, तोर्निक! त्यालाच!

तो खरंच रागावलेला नाही, की आईसाठी खोटं बोलला, हे मी अजून विचारलेलं नाही. आता शेजारी बसून सांगतोय, "ये म्हणून लिही." त्याच्या शब्दाखातर लिहिलं. आलास तर त्याच्यापाशी बस. माझ्याशी बोलू नकोस.

गुर्गेनची बहीण,
सहकानुश